बुलडोझरला हळद-कुंकू

टण्.

दुपारच्या शांततेत तो आवाज एवढा मोठा वाटला, की मी आधी झोपलेल्या वेदिकाकडे बघितलं आणि मग हातातल्या डब्याकडे. वेदिका कूस बदलून पुन्हा शांत झाली. ती साडेचार वर्षांची आहे, आणि तिची दुपारची झोप ही या घरातली एकमेव गोष्ट माझ्या मालकीची आहे. हे लिहिणंसुद्धा तिच्या झोपेतच चाललंय. मध्येच वाक्य तुटलं तर ती उठली असं समजावं.

डबा तूरडाळीचा होता. वरणासाठी वाटी खुपसली, तर ती डाळीत खोलवर कशावर तरी आपटली. हात घालून काढलं तर अंगठ्याएवढा बोल्ट. त्याच्या डोक्यावर हळदीचं बोट आणि त्यावर कुंकवाचा ठिपका.

दुसऱ्या कुणाच्या घरी असं झालं असतं तर किराणावाल्याशी भांडण झालं असतं. मी तो ओढणीला पुसला आणि विचार करू लागले, की हा डाव्या चेनचा असेल की रेडिएटरचा. बी.कॉम. झालेल्या आणि वर बालसंगोपनाचा कोर्स केलेल्या बाईवर ही वेळ कशी आली, ते मला स्वतःलाच नीट कळलेलं नाही. सांगता सांगता कळेल अशी आशा आहे.

आमचं घर पाथर्डी फाट्याच्या अलीकडे, गल्लीच्या कोपऱ्यावर आहे. कोपऱ्यावरच्या घरांना बाजूला थोडी मोकळी जागा मिळते आणि त्या जागेमुळे माणसाला स्वप्नं पडायला लागतात. आमच्या त्या जागेवर आधीच्या मालकाने पत्र्याचं शेड घालून ठेवलं होतं आणि त्यात माझं पाळणाघर सुरू होणार होतं. दिवाळीच्या पाडव्याला. बदकांचे पडदे शिवून झाले होते. समोरच्या इमारतीतली रोशनी बँकेत रुजू व्हायची होती. तिने आपला ओजस माझ्याकडेच ठेवणार असं सांगितलं होतं, आणि तिच्या ओळखीने आणखी दोघी-तिघी विचारून गेल्या होत्या. वेदिका झाल्यावर मी नोकरी सोडली, त्यानंतर पहिल्यांदाच माझ्या नावाचं असं काही होणार होतं.

आणि मग ललितने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, बुलडोझर आणला.

त्याचं झालं असं. माझे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणतो, उभं आयुष्य देवळ्याकडे एका ठेकेदाराचा चेनवाला डोझर चालवत होते. कांद्याची रानं सपाट करायची, शेततळी काढायची. हात थरथरायला लागले म्हणून ललितने त्यांना आणि आईंना इकडे आणलं, आणि तेव्हापासून आबांचं बोलणंच आटलं. टीव्हीसमोर बसून राहायचे, टीव्ही बंद असला तरी. एके दिवशी देवळ्याहून ललितच्या चुलतभावाचा, किशोरचा फोन आला, की आबांचा डोझर भंगारात निघालाय. आबांनी हातातली भाकरी ताटात ठेवली, ताटाला नमस्कार केला आणि उठले. एवढंच. पण ललितला तेवढं पुरलं.

ललित अंबडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. दिवसभर सुटे भाग मोजून बघतो. जो भाग मोजता येतो तो जोडताही येतो, असा त्याचा त्यामुळे समज झालेला आहे. त्याने मला समजावलं, की भंगारवाल्याकडून घ्यायचा, शेडमध्ये उघडायचा, साफ करायचा, जोडायचा आणि दिवाळीआधी किशोरच्या मळ्यात नेऊन ठेवायचा. किशोर ‘आणा की’ म्हणाला होता. पाडव्याला शेड माझं.

“अख्खा बुलडोझर?” मी विचारलं.

“छोटा आहे गं,” तो म्हणाला.

छोटा म्हणजे काय, हे मी त्याच वेळी विचारायला हवं होतं. मोठा बुलडोझर मी जवळून कधी पाहिलेला नव्हता, त्यामुळे छोट्याची कल्पना मनात शिवणयंत्राच्या आसपास थांबली होती.

तो तुकड्यातुकड्यांनी आला, कांद्याच्या पिकअपमधून. प्रत्येक तुकड्याला कांद्याची सालं चिकटलेली. मधलं मोठं धूड ताडपत्रीखाली आलं. समोरचे पत्रे काढून क्रेनने ते शेडमध्ये ठेवलं आणि पत्रे पुन्हा ठोकले. सगळा ऐवज गंजून विटकरी झालेला, त्यामुळे गल्लीला काय आलंय ते कळेना. शेजारच्या लंकाबाईंनी ठरवून टाकलं की तो तेलघाणा आहे. मी नाही म्हटलं, ललितने नाही म्हटलं, तरी त्या जाता-येता आमच्या दारात थांबून शेंगदाणा तेल कधीपासून मिळणार ते विचारत आणि पहिली बरणी आपलीच, हे बजावून जात. शेवटी मी दिवाळीनंतर बघू म्हणू लागले. चुकीच्या माणसाला बरोबर करण्यापेक्षा तारीख देणं सोपं असतं.

पलीकडच्या बंगल्यातले सुनीलकाका मात्र जाणकार. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. धरणाच्या कामावर असे डझनभर डोझर आपण पाहिलेत, असं ते म्हणाले. ते जीपमध्ये बसून पाहिले होते, हे नंतर कळलं. रोज सकाळी ते शेडच्या दारात पाठीमागे हात बांधून उभे राहत आणि हे इंजिन जन्मात चालू होणार नाही, असं मोठ्या प्रेमाने सांगून फिरायला जात. ते नाही आले तर ललितला चुकल्यासारखं व्हायचं.

खरी गंमत आबांची झाली. ते शेडमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून काठीने दाखवायला लागले. कुठला नट आधी, कुठला मग. यंत्रातल्या प्रत्येक भागाला त्यांनी नावं ठेवलेली. एक झडप ‘रुसकी’ होती, एक दांडा ‘सरपंच’, कारण तो स्वतः काही करायचा नाही पण त्याच्याशिवाय काही हलायचं नाही. वेदिका त्यांच्या मांडीला टेकून उभी राही आणि ते तिला तोंडाने इंजिन काढून दाखवत. थंडीतलं इंजिन वेगळं, चढावरचं वेगळं. मी चहा घेऊन जायचे आणि दारातच थांबायचे. किती महिन्यांनी हा माणूस बोलत होता. मग आत माझे बदकांचे पडदे ग्रीसच्या डब्यावर पडलेले दिसायचे, आणि मला नक्की काय वाटतंय, ते काही ठरवता यायचं नाही.

ललितने उघडलेला प्रत्येक भाग फरशीवर ओळीने मांडला. भागाभोवती खडूने गोल, गोलात आकडा, एकातून दुसऱ्याकडे बाण. सगळं शेड एखाद्या लढाईच्या नकाशासारखं दिसत होतं. फोटो काढून ठेव, असं मी सुचवलं. फरशी काय कुठे पळून जाते का, असं त्याने विचारलं.

त्याच सुमारास सुनीलकाकांनी कागदांचा मुद्दा काढला. उद्या हे रस्त्यावर काढाल, कुणी अडवलं तर? चालू होणार नाही यावर त्यांचा ठाम विश्वास होता, पण कागद हवेत. ललितला सुट्टी नव्हती, म्हणून वेदिकाला कडेवर घेऊन मी एका सरकारी कार्यालयात गेले. खिडकीतल्या साहेबांनी चाकं किती ते विचारलं. चाकं नाहीत, चेन आहे, म्हटलं. चाक नाही तर वाहन नाही, ते म्हणाले, आणि मला दुसऱ्या खिडकीकडे पाठवलं. तिथल्या बाईंनी यंत्र चालतं का, असं विचारलं. सध्या नाही, मी खरं तेच सांगितलं. चालत नसेल तर ते बांधकामात येईल, असं म्हणून त्यांनी घरपट्टीची चौकशी सुरू केली. मागे रांग हसत होती. एकाने तर वहिनी, भाड्याने देऊन टाका, असंही सुचवलं. मी मान ताठ ठेवून बाहेर पडले. तेवढ्यात कडेवरून वेदिकाने सगळ्यांना ऐकू जाईल असं आबांचं थंडीतलं इंजिन काढून दाखवलं.

आणि खंडेनवमी आली.

ज्यांच्या घरी यंत्रं असतात त्यांना सांगायला नको. त्या दिवशी हत्यारं-अवजारं धुऊन पुसून पूजेला लावतात आणि कुणी त्यांना काम सांगत नाही. आमच्याकडे एरवी विळी, कात्री आणि ललितची मोटरसायकल, एवढाच कारभार असतो. या वर्षी आई, म्हणजे माझ्या सासूबाई, पहाटेच उठल्या. गावी असताना दर नवमीला ठेकेदाराच्या वाड्यावर जाऊन डोझरला कुंकू लावणाऱ्या त्याच. इकडे आल्यापासून ते राहून गेलं होतं, त्याची कसर त्यांनी भरून काढली.

आम्ही शेडमध्ये गेलो तर फरशी लख्ख. फिनेलचा वास. खडूचा एक गोल शिल्लक नाही. आईंनी सगळे भाग रॉकेलने धुऊन, पुसून उंचीप्रमाणे लावले होते. शाळेच्या प्रार्थनेला पोरं उभी करतात तसे. मोठे मागे, बारके पुढे. समोर रांगोळी, प्रत्येकाला हळदीचं बोट, कुंकवाचा ठिपका, झेंडूचं फूल. बारक्या नट-बोल्टांचं मधोमध कमळ केलेलं.

ललित वाकून फरशीवर खडूचा एखादा आकडा उरलाय का ते बघू लागला. मग त्याने हळूच एका दांड्याकडे हात नेला.

“आज हात नाय लावायचा,” आई म्हणाल्या. “उद्या सोनं वाटून झाल्यावर.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी आबांकडे पाहिलं. आबा सरपंचाकडे बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते पूजा बघून आलं की ओळ मोडली म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही. “लय दिवसांनी नटला गडी,” एवढंच म्हणाले आणि आईंच्या हातचा प्रसाद घेऊन खुर्चीत बसले. त्या चेहऱ्यापुढे खडूच्या आकड्यांचा विषय काढायची माझी छाती झाली नाही.

दसऱ्यानंतर जोडणी सुरू झाली आणि काही केल्या पूर्ण होईना. आबांना मोठ्या भागांच्या जागा पाठ होत्या, पण ते नट-बोल्टांना नावं ठेवायला विसरले होते. शिवाय बोल्ट कमी पडायला लागले. ललितने शेड पालथं घातलं. लंकाबाईंनी तेलघाण्याला इतके बोल्ट लागतच नाहीत असं मत दिलं. सुनीलकाकांनी सांगून पाहिलं, की कंपनी नेहमी जास्तीचे बोल्ट घालते. आणि मग त्या दुपारी डाळीच्या डब्यात ‘टण्’ झालं.

आईंना विचारलं तर त्या अगदी सहज म्हणाल्या, हो, मीच ठेवलेत. पूजेतली वस्तू उघड्यावर टाकायची नसते, बाहेर भुरटे चोर फार झालेत, आणि घरातलं सोनं त्या आयुष्यभर डाळीतच लपवत आल्या होत्या. कुठल्या डाळीत कुठले, असं ललितने विचारलं. ते काही त्यांनी बघितलं नव्हतं. त्या दिवशी आम्ही घरातले सगळे डबे परातीत ओतले. मसूर, मटकी, चवळी, साबुदाणा. वेदिकाला वाटलं हा खेळच आहे. आबासुद्धा मांडी घालून बसले आणि बोल्ट सापडला की “हा बघा, हा पण हाय” म्हणून हसायचे. तो आठवडाभर आम्ही मिसळलेल्या डाळींचं वरण खाल्लं.

शेवटी डोझर जोडून झाला. थोडे भाग उरलेच. ते कशाचे ते कुणालाच माहीत नाही. ललितने त्यांची पिशवी माळ्यावर ठेवली आणि तो विषय निघाला की तो खोलीबाहेर जातो. मग डोझरला पिवळा रंग लागला. नवरदेवासारखा पिवळाधम्मक.

पाडवा अगदी तोंडावर आलेला. ट्रेलर ठरवायला म्हणून ललितने किशोरला फोन लावला, तर किशोरने जरा आढेवेढे घेत सांगितलं, की दादा, ज्या जागी डोझर ठेवणार होतो तिथे कांद्याची चाळ उभी राहिली. भाव पडलेला, कांदा ठेवणार कुठे? इकडे नका आणू. मी फोनच्या शेजारीच उभी होते. रोशनीच्या ओजसला मी पाडव्याला काय सांगणार होते, हे मला कळेना. रुजू व्हायची तारीख काही पुढे जाणार नव्हती. तिने दुसरीकडे चौकशी सुरू केल्याचं मला दुसऱ्याच कुणाकडून कळलं, आणि ते तिने मला सांगू नये याचंच जास्त लागलं. ललितने मला वचन दिलं, की शेड सकाळीच मोकळं करतो, पुढचं पुढे बघू.

काल सकाळी उजाडता उजाडता पत्रे काढले. आबा सीटवर चढले. हात थरथरत होते. दांड्यावर ठेवल्याबरोबर थांबले. ते मी स्वतः पाहिलं. इंजिनने दोन-तीनदा खोकल्यासारखं केलं आणि धाडकन सुरू झालं. आबांनी तोंडाने काढून दाखवलं होतं, अगदी तसंच. आईंनी दारातूनच लिंबू उतरवून टाकलं. डोझर शेडमधून निघाला, गल्लीत आला आणि बंद पडला. डिझेलच्या नळीत हवा भरली होती. गल्ली अरुंद, प्रत्येकाच्या दारासमोर ओटा, जिना, पत्रा. वळवायला जागाच नव्हती. म्हणून तो गल्लीच्या तोंडाशी, पातं गल्लीकडे करून उभा राहिला. ललित मिस्त्री शोधायला गेला. आबा चहाला आत आले.

आम्ही एका गोष्टीचा विचार केला नव्हता. सिंहस्थाच्या तयारीसाठी शहरात जागोजागी अतिक्रमणं निघत होती, हे गल्लीतला प्रत्येक जण रोज ऐकत होता. आणि आता दूध आणायला म्हणून दार उघडलं, तर समोर पिवळा बुलडोझर.

मी ठोकाठोकीच्या आवाजाने बाहेर आले. दोन घरं सोडून गोटीराम आपल्या दुकानासमोरचा पत्रा स्वतःच उतरवत होता. कुणी जाळी काढत होतं, कुणी पायऱ्या फोडत होतं, आपणच काढलेलं बरं, सामान तरी वाचेल, म्हणून. लंकाबाई तुळशीवृंदावन कवेत घेऊन आत निघाल्या होत्या. आणि सुनीलकाका, ज्यांनी हे यंत्र कधी चालू होणारच नाही असं रोज सांगितलं होतं, ते घाम पुसत आपला ओटा फोडत होते. तो ओटा त्यांनी तीस वर्षं राखलेला. आमचा डोझर चालू होऊच शकत नाही, याची त्यांना एवढी खात्री, की समोरचा तो आमचा असेल हे त्यांच्या मनातही आलं नाही. त्यांनी माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं आणि म्हणाले, “तृप्ती, तुमचं शेडही बघा बरं का. हे लोक कुणाचं ऐकत नाहीत.”

सांगायला हवं होतं, पण कुणाला आधी सांगू, तेच कळेना. तेवढ्यात आबा चहा संपवून आले, काठी सीटला अडकवली आणि वर चढून बसले. गल्लीतली ठोकाठोक हळूहळू थांबली.

त्यानंतरचं बोलणं मी लिहीत नाही. सभ्य माणसं किती हळू आवाजात किती बोलू शकतात, ते मला काल कळलं. सुनीलकाकांनी महापालिकेत तक्रार करतो म्हटलं आणि खरंच केली. संध्याकाळी मिस्त्री येऊन डिझेलच्या नळीतली हवा काढून गेला. आज सकाळी तिथले एक साहेब आले. त्यांना आधी तक्रारीचं काही कळेचना, कारण त्यांनी एवढी मोकळी गल्ली या भागात कधी पाहिली नव्हती. टेप धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, मधूनमधून “वा” म्हणत. येता येता ते आमच्या शेडपाशी थांबले.

“एवढंच राहिलंय फक्त,” ते म्हणाले. मग डोझरकडे बघून म्हणाले, “मशिन तर तुमच्याकडे आहेच.”

गल्ली आमच्याकडे बघत होती. माझे पडदे अजून आतच पडलेले. मी आत जाऊन ते काढून घेतले. का, ते माहीत नाही. बाहेर आले तर आबा माझी वाट बघत उभे होते.

“सूनबाई, मी आजवर रान सपाट केलं, तळी काढली. कुणाची भिंत नाय पाडली,” ते म्हणाले. “तू नाय म्हण. मी वर चढत नाय.”

ते चढले नसते तरी पालिकेचं मशिन येणारच होतं. मी पडद्यांची घडी छातीशी धरली आणि म्हटलं, “चढा आबा. तुम्हीच करा.”

मोकळ्या झालेल्या गल्लीत डोझर सहज वळला, आणि आबांनी शेड असं पाडलं, जसं कुणी झोपलेल्या पोराच्या अंगावरून पांघरूण काढतं. एकही पत्रा वाकला नाही. साहेब टाळ्या वाजवून गेले. सुनीलकाका जवळ आले, पत्रे उचलू लागले आणि म्हणाले, इंजिनाचा आवाज चांगलाय.

मी पायरीवर बसले होते. रोशनी ओजसला ओढत आली. तो डोझरच्या चेनला धरून बसला होता. ती जरा ओशाळून म्हणाली, की दुसरीकडे बघून आले होते, पण हा ऐकत नाही. बुलडोझरवाल्या शाळेतच जाणार म्हणतो. तिच्या मागे आणखी दोघी उभ्या होत्या, आणि त्यांच्या मागे त्यांची पोरं, आबांच्या पिवळ्या धुडाकडे तोंडं उघडी टाकून बघणारी. आई आतून म्हणाल्या, हॉल मोकळा करू, सोफा माझ्या खोलीत जाईल. पोरांना बसायला किती जागा लागते? मी हसले की रडले, रोशनीला विचारायला हवं.

तेवढ्यात साहेबांचा एक माणूस आला. निरोप होता, की गल्ली आता मोकळी झालीच आहे तर संध्याकाळपर्यंत ते मशिनही रस्त्यावरून हलवा.

ललित तेव्हापासून फोनवर आहे. देवळ्याला, वणीला, नांदगावला, कुणाकडे म्हणून विचारायचं राहिलेलं नाही. आबा डोझरच्या सावलीत खुर्ची टाकून बसलेत. वेदिका आत्ता डोळे चोळत उठली, खिडकीपाशी गेली, शेड होतं त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली आणि माझ्याकडे वळून तिने विचारलं,

“आई, आज रात्री बुलडोझर कुठे झोपणार?”